मेंढीकोट ऑनलाइन करायचाय? आधी पत्ते फोनमधून बाहेर काढा

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या दोघांनी युनिटी ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मेंढीकोट बनवलाय. एक माणूस आणि तीन बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, असा तो प्ले स्टोअरवर आहे, लोक खेळतायत. आता चार घरांतली चार माणसं चार फोनवरून खेळावीत असं करायचंय. फोटॉन ही ऑनलाइन खेळांची तयार सेवा घ्यावी की स्वतःचा सर्व्हर लिहावा, खर्च किती येईल, लॅगचं, म्हणजे मेसेज पोचायला लागणाऱ्या उशिराचं, काय करायचं आणि पुढे ह्याच पायावर कॅरम उभा राहील का, हे विचारलंय.

लॅगपासून सुरू करतो, कारण त्याचीच काळजी सगळ्यांना जास्त असते आणि ह्या खेळात ती सगळ्यात कमी करायला हवी. पुण्यातला फोन आणि मुंबईतला सर्व्हर यांत साधारण दीडशे किलोमीटर अंतर आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायला दीड-दोन मिलिसेकंद. बाकीचा वेळ फोन ते टॉवर आणि तिथून मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडेपर्यंत जातो. फोर-जीवर एकूण ३० ते ६० मिलिसेकंद ही रोजची गोष्ट. सर्व्हर सिंगापूरला ठेवलात तर आणखी साठेक वाढतील. समोरचा माणूस हुकूम मारू की थांबू ह्यात पाच सेकंद घालवतो, तिथे हे साठ कोणाला कळणारही नाहीत. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, ते घ्या आणि विषय संपवा. मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ तर २०१५ पासून पुण्यातच आहे. त्याने दोन मिलिसेकंद वाचतील. त्यापलीकडे फायदा म्हणजे फक्त पुणेकर असल्याचा अभिमान.

खेळ बसतो तो कनेक्शन तुटल्यामुळे. डाव दहा मिनिटं चालतो. त्या दहा मिनिटांत एका खेळाडूचं नेट एकदा तुटण्याची शक्यता दहा टक्के धरा: लिफ्ट, पार्किंग, मध्येच आलेला फोन, घरात शिरताना मोबाइल डेटावरून वाय-फायवर उडी. मग चौघांचंही न तुटण्याची शक्यता ०.९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के. दर तीन डावांतल्या एका डावात कोणीतरी मध्येच गायब होणार. तुमचं निम्म्याहून जास्त काम ह्या एका डावासाठी आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

खरा डाव एकाच जागी

सध्या तुमच्या गेममध्ये गड्डी फोनमध्येच पिसली जाते, फोनच वाटतो, फोनच हात मोजतो. ऑनलाइन करताना पहिली सुचणारी वाट म्हणजे चारांपैकी एका फोनला यजमान करायचं, त्याने वाटायचं आणि बाकीच्यांना कळवायचं. फोटॉनच्या पन-टू ह्या युनिटीसाठीच्या संचामध्ये ‘मास्टर क्लायंट’ म्हणतात तो हाच प्रकार. दोन दिवसांत चालू होतं, म्हणून मोह पडतो. पण मग यजमानाच्या फोनच्या मेमरीत बावन्नच्या बावन्न पत्ते असतात. मेमरी वाचणारी ॲप रूट केलेल्या, म्हणजे सगळी कुलपं काढलेल्या, फोनवर कोणीही टाकू शकतो. शिवाय यजमानाचं नेट गेलं की वाटप कुठवर आलं होतं, हे ठाऊक असलेला एकमेव फोनच गेलेला असतो. मास्टर दुसऱ्याकडे जातो खरा, पण त्याच्याकडे पत्ते नसतात, आणि असले तर वर सांगितलेली पहिली अडचण चौपट होते.

म्हणून नियम एकच ठेवा: फोन पान टाकत नाही, पान टाकू द्या असं मागतो. टाकलं की नाही ते सर्व्हर ठरवतो. आणि प्रत्येक फोनला सर्व्हर तेवढंच सांगतो जेवढं त्या खेळाडूला टेबलावर बसून दिसलं असतं: स्वतःची पानं, मधली पानं, बाकीच्यांच्या हातात किती पानं उरली तो आकडा, कोणाचे किती हात झाले आणि किती मेंढ्या (दश्शा) आल्या.

बंद हुकमात ही चूक कशी शिरते ते बघा. एक जण आपल्या हातातलं पान पालथं ठेवतो, समजा इस्पिकची सत्ती. घाईत लिहिलेला सर्व्हर चौघांनाही एकच मेसेज पाठवतो: पान इस्पिक ७, पालथं: हो. पडद्यावर पत्त्याची पाठ दिसते, सगळं छान वाटतं. पण आपल्याच फोनवर ट्रॅफिक उघडून वाचणारं साधन लावलं की हुकूम इस्पिकचा आहे हे पहिल्या हाताआधीच कळतं. लपवायची गोष्ट पाठवायचीच नाही. मेसेज फक्त ‘हुकूम ठेवला’ एवढाच, आणि उघडायची वेळ आल्यावर पान. कोडमध्ये त्यासाठी एकच फंक्शन ठेवा: पूर्ण डाव आणि खेळाडूचा क्रमांक घेतं, त्या खेळाडूला दिसणारा डाव परत देतं. बाहेर जाणारा प्रत्येक मेसेज त्यातूनच गेला पाहिजे. बॉटलाही हेच दृश्य द्या. ऑफलाइन गेममधले बॉट बरेचदा गुपचूप सगळ्यांची पानं बघून खेळतात. एकटा खेळणारा ते खपवून घेतो, पण चार माणसांत असा बॉट बसला तर लोक तासाभरात ओळखतात.

पिसण्याबद्दल दोन ओळी, कारण इथे बहुतेक कोड चुकीचा असतो. प्रत्येक पानाची अदलाबदल बावन्नातल्या कुठल्याही पानाशी केली तर गड्डी नीट पिसली जात नाही. तीन पानांवर करून बघा: २७ वाटा आणि ६ क्रम, समान वाटणी होतच नाही. फिशर-येट्स पद्धतीत प्रत्येक वेळी न पिसलेल्या उरलेल्या पानांमधूनच निवडायचं. दुसरं म्हणजे यादृच्छिक आकडा कुठून येतो. युनिटीच्या सी-शार्प भाषेतल्या साध्या ‘रँडम’ला दिलेलं बीज (ज्या आकड्यावरून पुढचे सगळे आकडे निघतात तो) ३२ बिटांचं असतं, म्हणजे जास्तीत जास्त ४२९ कोटी वाटपं, आणि बीज घड्याळावरून घेतलं तर त्याहून फार कमी. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकरच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच सापडलं होतं. बीज मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवरून घेतलेलं, म्हणजे फक्त ८ कोटी ६४ लाख शक्यता. हातातली आणि टेबलावरची मोजकी पानं बघून बाकीची सगळी काढता येत होती. सी-शार्प चालवणाऱ्या डॉटनेटमध्ये ८ व्या आवृत्तीपासून क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीत तयार शफल फंक्शन आहे, ते वापरा आणि मोकळे व्हा.

फोटॉन, फायरबेस की स्वतःचं

गूगल प्ले गेम्सची स्वतःची मल्टिप्लेअर सेवा ३१ मार्च २०२० ला बंद झाली. त्यामुळे जुन्या व्हिडिओंत ती दिसली तर व्हिडिओच सोडा. गूगलच्या फायरबेस सेवेचा रिअलटाइम डेटाबेस सोपा आहे, पण आपल्याला सगळ्यात जवळचं केंद्र सिंगापूर, मोफत योजनेत एका वेळी १०० कनेक्शन, आणि पत्ते वाटायला शेवटी विश्वासाचा कोड (जो खेळाडूंच्या फोनबाहेर चालतो) वेगळा चालवावाच लागतो. मग अर्धा सर्व्हर तुम्ही लिहिलेलाच असतो. पन-टू मोफत २० जणांपर्यंत चालतं. घरच्या घरी ओळखीच्यांत खेळायचं असेल, गुणतालिका नसेल, तर चुलतभावाने पत्ते चोरले तर चोरले, ते घ्यायला हरकत नाही. अनोळखी लोकांत खेळ आणि क्रमवारी ठेवायची तर ते ह्या कामाचं नाही.

नकामा हा मुक्त स्रोत सर्व्हर चांगला आहे. लॉगिन, मित्रयादी, जोड्या लावणं, गुणतालिका सगळं तयार मिळतं, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो, डॉकरवर (सर्व्हर तयार पेटीत चालवायची सोय) अर्ध्या दिवसात उभा राहतो. खेळाचे नियम गो, लुआ किंवा टाइपस्क्रिप्टमध्ये लिहावे लागतात. नवीन सुरू करणाऱ्याला मी तोच सांगेन. तुमचं वेगळं आहे. तुमचे नियम आणि बॉट दोन्ही सी-शार्पमध्ये तयार आहेत, आणि बॉट तर सर्व्हरवर लागणारच, गेलेल्या माणसाच्या जागी बसवायला. म्हणून डॉटनेटवर स्वतःचा छोटा वेबसॉकेट (दोन्ही बाजूंनी उघडं राहणारं कनेक्शन) सर्व्हर लिहा. नियमांची लायब्ररी वेगळी काढा, त्यात युनिटीचं नावसुद्धा येता कामा नये: ना मोनोबिहेवियर, ना कोरूटीन, ना युनिटीचं घड्याळ. आत डाव आणि चाल, बाहेर नवा डाव किंवा नकार. हे वेगळं करायला वाटतात त्यापेक्षा जास्त दिवस लागतील, कारण ‘हात कोणी जिंकला’ हा निर्णय कुठेतरी ॲनिमेशन संपल्यानंतरच्या फंक्शनमध्ये अडकलेला असतो. तो उपसून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक छोटी युक्ती बरंच काम वाचवते. पाळी आली की त्या फोनला कुठली पानं टाकता येतील त्याची यादी सर्व्हरनेच पाठवायची. उतारी बदामाची आणि हातात बदाम असेल तर फक्त बदाम, नसेल तर सगळी. फोन बाकीची पानं फिकी करतो, एवढंच त्याचं काम. कट हुकमात ज्याच्याकडे रंग नाही त्याने टाकलेल्या पानाचा हुकूम होतो, काही घरांत तो त्याच हातापासून धरतात, काही ठिकाणी पुढच्या. असे घरोघरचे नियम बदलायचे तर ॲपची नवी आवृत्ती काढावी लागत नाही, सर्व्हरवर बदललं की झालं. अर्थात मेसेज आल्यावर सर्व्हरने पान पुन्हा तपासायचंच. यादी पाठवली म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

यूडीपी वगैरे, म्हणजे पोचण्याची हमी न देणाऱ्या पद्धतींच्या, वाटेला जाऊ नका. पानं क्रमाने आणि न हरवता पोचायला हवीत, ते काम टीसीपी करतं, त्यावर वेबसॉकेट, आणि सगळं ४४३ पोर्टवर टीएलएसमधून, म्हणजे कुलूपबंद करून. कॉलेज आणि ऑफिसच्या वाय-फायवर बाकी पोर्ट बंद असतात. ॲपमध्ये सर्व्हरचा आकडी पत्ता लिहू नका, डोमेनचं नाव लिहा. मोबाइल नेटवर्क आता मोठ्या प्रमाणात आयपीव्ही-सिक्स ह्या नव्या पत्तापद्धतीवर आहेत, आणि ॲपल तर २०१६ पासून फक्त आयपीव्ही-सिक्स असलेल्या नेटवर्कवर ॲप चाललंच पाहिजे असं मागतं.

पान अर्ध्या वाटेत अडकतं तेव्हा

हा भाग सावकाश वाचा. सातवा हात चालू आहे, बदामाची उतारी. तिसरा खेळाडू बदामाची राणी वर ओढतो आणि त्याच क्षणी लिफ्टचं दार बंद होतं. मेसेज सर्व्हरला पोचला, राणी टेबलावर पडली, बाकी तिघांना दिसली. ‘मिळाली’ हे उत्तर मात्र परत आलं नाही. आठ सेकंदांनी लिफ्ट उघडते, फोन पुन्हा जोडला जातो आणि उत्तर न मिळालेली राणी परत पाठवतो. सर्व्हर म्हणतो, तुमची पाळी नाही. ॲप समजतं चाल नाकारली, म्हणून राणी हातात परत ठेवतं. आता फोनवर सात पानं, सर्व्हरवर सहा. पुढच्या पाळीला माणूस तीच राणी टाकायला जातो, सर्व्हर पुन्हा नाकारतो, आणि डाव कुलूपबंद. प्ले स्टोअरवर एक चांदणी देऊन ‘गेम हँग होतो’ असं लिहिणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात.

उपाय दोन, दोन्ही हवेत. पहिला: प्रत्येक चालीला डावातला क्रमांक, ० ते ५१. फोन ‘२६ वी चाल, बदाम राणी’ असं पाठवतो. २६ वी चाल आधीच झाली असेल, त्याच खेळाडूची असेल आणि पान तेच असेल, तर सर्व्हरने चूक दाखवायची नाही, पहिल्या वेळी दिलं असतं तेच होकाराचं उत्तर पुन्हा द्यायचं. दुसरा: पुन्हा जोडल्यावर फोनने आपलं जुनं चित्र फेकून द्यायचं आणि सर्व्हरकडून आलेला पूर्ण डाव नव्याने मांडायचा. मधल्या काळात काय काय घडलं तेवढंच पाठवू, असा हुशारपणा करावासा वाटेल. करू नका. मेंढीकोटाचा पूर्ण डाव एका किलोबाइटात बसतो; वाचवायला तिथे काही नाही, बिघडायला भरपूर आहे. मांडताना जुनी ॲनिमेशन दाखवू नका, नाहीतर परत आलेला माणूस चार हात उडताना बघत बसतो आणि त्याची पाळी निघून जाते.

तुटलंय हे कळणं हीच मुळात अडचण आहे. वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेल्यावर फोनचा पत्ता बदलतो आणि जुनं टीसीपी कनेक्शन निरोप न घेता मरतं. सर्व्हरला ते कित्येक मिनिटं जिवंतच वाटतं. म्हणून आपणच नाडी बघायची: एरवी दर २० सेकंदांनी एक छोटा मेसेज, आणि त्या खेळाडूची पाळी असताना दर ५ सेकंदांनी. दोन ठोके चुकले की कनेक्शन मेलं असं धरायचं. हे ठोके नसतील तर आणखी एक गंमत होते. समोर एनजिन्एक्स (कनेक्शन घेऊन मागच्या सर्व्हरकडे देणारा दारवान) असेल तर त्याची वाचनाची मुदत मुळात ६० सेकंद असते. कोणी फार वेळ विचार करत बसला की बरोबर साठाव्या सेकंदाला कनेक्शन तुटतं, आणि माणसं आठवडाभर मोबाइल कंपनीला शिव्या देतात.

फोन आला किंवा कोणी व्हॉट्सॲप बघायला गेलं की युनिटी थांबते. आयफोनवर तर ॲप काही सेकंदांत गोठवलं जातं. परत आल्यावर जुन्या सॉकेटवर (कनेक्शनवर) विश्वास ठेवू नका. लगेच एक ठोका पाठवा, दोन सेकंदांत उत्तर नाही आलं तर नवीन जोडा. प्रयत्नांमधलं अंतर लगेच, मग १, २, ४, ८ सेकंद असं वाढवा आणि प्रत्येकात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर सगळे फोन एकाच सेकंदाला दारावर धडकले तर तो पुन्हा झोपतो. खेळाडूची ओळख सॉकेटवर ठेवू नका, सर्व्हरने दिलेल्या टोकनवर, म्हणजे गुप्त ओळखपत्रावर, ठेवा. त्याच टोकनने नवं कनेक्शन आलं तर नव्याला खुर्ची द्यायची आणि जुनं बंद करायचं. उलटं केलंत तर माणूस स्वतःच्याच भुताशी भांडत दाराबाहेर उभा राहतो.

टायमर सर्व्हरवर. फोनला घड्याळातली वेळ पाठवू नका, किती मिलिसेकंद उरले ते पाठवा, कारण बऱ्याच फोनचं घड्याळ मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे असतं. २० सेकंदांची पाळी दाखवा आणि सर्व्हरवर २२ ठेवा. शेवटच्या क्षणाला टाकलेलं पान वाटेत असताना वेळ संपली असं झालं की भांडणं होतात. आणखी एक बारीक गोष्ट: चौथं पान पडल्यावर चारही पानं दीडेक सेकंद टेबलावर दिसायला हवीत, मगच हात उचलायचा. सर्व्हरने मात्र तत्क्षणी पुढची पाळी सुरू केली तर हात जिंकणाऱ्याचा दीड सेकंद दरवेळी खाल्ला जातो. तेवढा वेळ सर्व्हरने त्याच्या पाळीत धरायचा.

वेळ संपली तर बॉट पान टाकतो. लहानात लहान चालणारं पान टाकायला सांगा, आणि दुसरं काही चालत असेल तर दश्शी टाकायचीच नाही. भिडूच्या गैरहजेरीत बॉटने मेंढी घालवली तर शिव्या तुम्हालाच पडणार. लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या की खुर्ची बॉटकडे द्या, म्हणजे बाकी तिघांना दरवेळी वीस सेकंद थांबावं लागणार नाही. मूळ माणूस आला की त्याची खुर्ची त्याला परत.

चार जण जमवायचे कसे

इथे सगळ्या छोट्या गेमचा घात होतो. दर १५ सेकंदांना एक खेळाडू येत असेल तर पहिल्याला तीन भिडू मिळायला ४५ सेकंद, आणि दुपारी तीन वाजता दर दोन मिनिटांना एक येत असेल तर सहा मिनिटं. कोणी थांबत नाही. दहा-बारा सेकंद वाट बघा आणि उरलेल्या खुर्च्यांवर बॉट बसवून डाव सुरू करा. नंतर कोणी माणूस आला तर पुढच्या वाटपाला त्याला बॉटच्या जागी घ्या. कौशल्यावरून जोड्या लावायचा विचार एका वेळी हजारभर लोक येईपर्यंत मनातही आणू नका.

तुमच्या खेळाचे खरे गिऱ्हाईक मात्र ओळखीचे चौघे आहेत: एक बाणेरला, एक साताऱ्याला, मामा नाशकात. त्यांच्यासाठी सहा आकडी कोड आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची लिंक हे सगळ्यात आधी करा, अनोळखी जोड्यांच्याही आधी. कोड फक्त आकड्यांचा ठेवा, आजीला फोनवर सांगता आला पाहिजे. सहा आकडे म्हणजे दहा लाख शक्यता, त्यामुळे कोणी अंदाजाने घुसू नये म्हणून चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला. लिंकसाठी फायरबेसच्या डायनॅमिक लिंक्स शोधू नका, त्या २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाल्या. अँड्रॉइडच्या ॲप लिंक्स आणि आयफोनच्या युनिव्हर्सल लिंक्स स्वतःच्या डोमेनवर लावा.

मोकळी चॅट देऊ नका. दिलीत की तक्रार करायची आणि ब्लॉक करायची सोय दोन्ही स्टोअरना लागते, वर शिव्या निवडत बसायचं काम तुमच्याच गळ्यात. शिवाय मेंढीकोटात भिडूला खुणा करणं ही जुनीच कला आहे, तिला चॅट म्हणजे आयतं कुरण. ‘झकास’, ‘टाका की लवकर’, ‘काय राव’ अशी दहा-बारा तयार वाक्यं पुरतात, तीही हातामागे एकदाच.

खर्च आणि सर्व्हरची ताकद

एका वेळी ५०० खेळाडू म्हणजे १२५ टेबलं. प्रत्येक टेबलावर पाच सेकंदांना एक पान धरलं तर सेकंदाला २५ पानं आत आणि चौघांना म्हणून १०० मेसेज बाहेर. दोन जीबी मेमरीचं सगळ्यात साधं मशीन हे झोपेत करेल. त्यामुळे पहिल्या वर्षाचा खर्च म्हणजे असं एक मशीन, एक छोटा डेटाबेस आणि तुमचा वेळ. त्यातला तिसराच महाग.

अडकाल ते वेगळ्याच आकड्यांवर. उबुंटूवर एनजिन्एक्सच्या मूळ सेटिंगमध्ये एका वर्करला (कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोसेसला) ७६८ कनेक्शन असतात, आणि प्रत्येक वेबसॉकेट दोन खातं, एक फोनकडचं आणि एक मागच्या सर्व्हरकडचं. एका कोअरच्या मशीनवर ३८४ च्या आसपास खेळाडू झाले की नवे लोक आत येणंच बंद होतं. सीपीयू मात्र पाच टक्क्यांवर, म्हणून कारण सापडत नाही. तो आकडा वाढवलात की पुढे लिनक्सची उघड्या फाइलींची १०२४ ची मर्यादा भेटते, कारण तो कनेक्शनही फाइलच मोजतो. दोन्ही पहिल्याच दिवशी वाढवून ठेवा.

डाव मेमरीत चालू दे, पण प्रत्येक चाल डेटाबेसमध्ये नोंदवत चला. सर्व्हर पडला तर वाटप आणि चाली पुन्हा चालवून डाव जिथे होता तिथे उभा राहतो, आणि ‘माझ्याकडे रंग होता तरी हुकूम कसा पडला’ अशा तक्रारीला दाखवायला पुरावा असतो. नवी आवृत्ती चढवताना जुना सर्व्हर लगेच मारू नका. नवे डाव नव्याकडे, जुने पंधरा मिनिटांत आपोआप संपतात. आणि पहिल्या मेसेजमध्ये आवृत्तीचा क्रमांक टाकाच. प्ले स्टोअरवर अपडेट दिलं तरी लोकांच्या फोनवर जुनं ॲप आठवडेच्या आठवडे असतं, निदान मागची एक आवृत्ती सर्व्हरला कळली पाहिजे.

कॅरम

पाया तोच चालेल, कारण कॅरमही पाळीचाच खेळ आहे. एका वेळी एकच जण स्ट्रायकर मारतो. अडचण भौतिकशास्त्राची. स्ट्रायकरची जागा, कोन आणि जोर एवढंच पाठवायचं आणि दोन्ही फोनवर सोंगट्या आपापल्या पळू द्यायच्या, हे कागदावर सुंदर दिसतं. पण युनिटीचं द्विमितीय इंजिन दोन वेगळ्या प्रोसेसरवर अगदी एकसारखा निकाल देईल याची हमी नाही. दशांशाच्या आठव्या-नवव्या घरातला फरक पाच टकरींनंतर एवढा होतो की एका फोनवर राणी भोकात आणि दुसऱ्यावर काठावर.

त्यापेक्षा मारणाऱ्याच्या फोनवर हिशोब करा आणि सगळी हालचाल चित्रांसारखी पाठवा. १९ सोंगट्या आणि स्ट्रायकर मिळून २० वस्तू, प्रत्येकीचे दोन आकडे १६ बिटांचे, म्हणजे एका चित्राला ८० बाइट. सेकंदाला २० चित्रं, पाच सेकंदांचा फटका, एकूण ८ किलोबाइट. ७४ सेंटिमीटरच्या बोर्डाचे ६५,५३६ भाग केले तर एक भाग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा येतो, डोळ्याला पुरून उरतो. समोरचा फोन मधल्या जागा भरून दाखवतो. ह्यात मारणारा फसवू शकतो, म्हणून सर्व्हरने तोच फटका स्वतःच्या इंजिनावर चालवून निकाल ढोबळ जुळतो का बघायचं; एकाच खेळाडूचे फटके वारंवार जुळेनासे झाले तर ते खातं बाजूला काढायचं. क्रमवारी खरोखर महत्त्वाची असेल तर इंजिन सर्व्हरवरच चालवा आणि फोनला फक्त चित्रं दाखवायला ठेवा. फटका मारल्यावर उत्तर येईपर्यंतचे दहाएक शतांश सेकंद स्ट्रायकरच्या आवाजात लपतात.

तपासणी

चार फोन एकाच वाय-फायवर ठेवून केलेली तपासणी म्हणजे तपासणीच नव्हे. टेस्टच्या सर्व्हरवर लिनक्सच्या नेटेम ह्या नेट मुद्दाम बिघडवणाऱ्या साधनाने १५० मिलिसेकंद उशीर, ५० चा चढउतार आणि ३ टक्के गळती लावा, आणि रोजचा खेळ त्याच्यावरच खेळा. मग बॉटचे शंभर टेबल सोडा, त्यांची कनेक्शन यादृच्छिक क्षणी तोडत राहा आणि रात्रभर चालू द्या. सकाळी एकही डाव अर्धवट अडकलेला नसला पाहिजे, आणि प्रत्येक डावात मेंढ्यांची बेरीज चार आणि हातांची तेरा आली पाहिजे. पुढचं काम मेट्रोत: पिंपरीकडून स्वारगेटला जाताना शिवाजीनगरच्या आधी गाडी जमिनीखाली शिरते, तो टप्पा डावाच्या मध्यात येईल असं बसा. गणपतीत अलका चौकातल्या गर्दीत उभं राहून बघितलंत तर चार दांड्या दिसूनही मेसेज जात नाही ही अवस्था फुकट अनुभवायला मिळते, आणि सिग्नलच्या दांड्या बघून ‘नेट ठीक आहे’ ठरवणारा कोड किती खोटा आहे तेही कळतं.

पैसे लावून खेळण्याचा विचार असेल तर २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा वाचा. पैसे लावून खेळवणं त्यात बंद आहे, खेळ कौशल्याचा असला तरी, आणि खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिराती, पत्त्यांच्या पाठींची नवी चित्रं, जाहिरातीविना आवृत्ती, ह्यावर भागवा. खेळाडूंची माहिती जेवढी कमी ठेवाल तेवढं बरं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय आणि त्याच्यासाठी पालकांची संमती लागते. नाव, टोकन आणि डावांची नोंद एवढ्यावर मेंढीकोट चालतो. फोन नंबर मागूच नका.

कामाचा क्रम विचारलात तर: नियमांची लायब्ररी वेगळी, मग सर्व्हर आणि एकाच टेबलावर चार फोन, मग तुटणं-जोडणं, मग कोडने खेळणं, आणि सगळ्यात शेवटी अनोळखी जोड्या. दोघांनी रोज बसून केलं तर तीन-चार महिने धरा, त्यातला एक पूर्ण महिना तुटण्या-जोडण्याचा. तो महिना कमी करून दिवाळीच्या सुट्टीला गेम काढायचा घाट घालू नका. चारही भिडू एकाच वेळी मोकळे सापडतात ते त्याच आठवड्यात, आणि ते अडकलेल्या डावासमोर बसले तर दुसऱ्यांदा कोड मागत नाहीत.